शाम्पूचा दाटपणा येतो कोठून?

सांगली/सातारा (प्रतिनिधी) – उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू झाला, की कृष्णा-वारणेच्या काठावरील हवेला एक गोडसर, आंबूस वास येऊ लागतो. रेठरे बुद्रुकचा 'कृष्णा', यशवंतनगरचा 'सह्याद्री', साखराळ्याचा 'राजारामबापू', कुंडलचा 'क्रांती' अशा कारखान्यांच्या गव्हाणींत दिवसरात्र ऊस पडत असतो. रस एका बाजूला निघून जातो आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्यावरून फिकट पिवळा भुसा बाहेर येत राहतो. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात, गावात चिपाड. त्याचे ढीग लांबून टेकडीसारखे दिसतात. या ढिगाचा आणि घरातील न्हाणीघरात ठेवलेल्या शाम्पूच्या बाटलीचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे.

शाम्पू, कंडिशनर, केसांचे जेल, फेसवॉश, दाढीची क्रीम यांपैकी कोणत्याही बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी भिंग लावून वाचली, तर तीत काही लांबलचक नावे हमखास आढळतात. हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज, हायड्रॉक्सिप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज, सेल्युलोज गम, पॉलिक्वाटर्निअम-१० ही त्यांतील काही. ही नावे वाचून ग्राहकांच्या दोन प्रतिक्रिया होतात. एक वर्ग 'किती ही केमिकल्स' म्हणून बाटली खाली ठेवतो. दुसऱ्या वर्गाला विक्रेता सांगतो, की हे तर झाडापासून मिळालेले, म्हणजे पूर्ण नैसर्गिक आहे. आणि तो वर्ग दुप्पट किंमत मोजून तीच बाटली घरी नेतो. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी थोडे खोलात जावे लागते.

साखर तीच, सांधा निराळा

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जी भिंत असते, तिचा मुख्य घटक सेल्युलोज. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये तो प्रथम वेगळा करून दाखविला. कापूस जवळजवळ निखळ सेल्युलोज आहे. लाकडात आणि उसाच्या चिपाडात तो इतर पदार्थांशी गुंतलेला असतो. गंमत अशी, की तांदळाच्या पेजेतील स्टार्च आणि धोतराच्या कापसातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेच्या कणांची माळ गुंफून तयार झालेले आहेत. फरक आहे तो दोन कणांमधील सांध्याचा. स्टार्चमधील सांध्यामुळे माळ वळते, गुंडाळली जाते आणि गरम पाण्यात फुगून तिची खळ होते. सेल्युलोजमधील सांध्यामुळे माळ सरळसोट राहते. अशा हजारो सरळ माळा शेजारी शेजारी येऊन एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात, की त्यांच्यात पाण्याला शिरकावच मिळत नाही. म्हणूनच सुती सदरा पाण्यात भिजतो, पण विरघळत नाही. माणसाच्या पोटालाही हा सांधा तोडता येत नाही.

मग न विरघळणारा हा तंतू शाम्पूच्या पाण्यात दिसेनासा कसा होतो? उत्तर 'मॉडिफाइड' या शब्दात आहे. प्रथम शुद्ध सेल्युलोज कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात भिजवितात. तंतू फुगतो, माळांची एकमेकींवरील पकड सैल पडते. विणकामाशी संबंध असलेल्यांना हा प्रकार नवा नाही. इंग्रज कापड-छपाईकार जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुती कापडावर हाच प्रयोग केला आणि त्यांच्याच नावावरून 'मर्सराइज्ड' कापड प्रसिद्ध झाले. सौंदर्यप्रसाधनांसाठी मात्र येथे थांबून चालत नाही. सैल झालेल्या माळेच्या प्रत्येक ग्लुकोज कणावर रासायनिक दृष्ट्या तीन 'हात' मोकळे असतात. त्या हातांना निरनिराळे लहान रासायनिक गट जोडले जातात. हे गट मध्ये अडसरासारखे उभे राहिले, की माळा पुन्हा एकमेकींना चिकटू शकत नाहीत आणि पाणी आत शिरते.

कोणता गट जोडला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रक्रिया केली, तर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे व्यवहारातील 'सीएमसी' मिळते. सौंदर्यप्रसाधनांच्या यादीत तिचे नाव 'सेल्युलोज गम' असे असते. इथिलीन ऑक्साइड वापरले, तर हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज ऊर्फ 'एचईसी'. मिथाइल क्लोराइड आणि प्रोपिलीन ऑक्साइड या जोडीने 'एचपीएमसी' तयार होते. थोडक्यात, मूळ कणा झाडाचा आणि त्यावर चढविलेली झूल कारखान्यातील. याला निव्वळ कृत्रिम म्हणणे जितके चूक, तितकेच निव्वळ नैसर्गिक म्हणणेही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत जिलेटिनला पर्याय म्हणून सीएमसीचा शोध लागला. आज ती टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि कापडाच्या छपाईत असते. यंत्रमागावर चढण्यापूर्वी सुताला जी खळ देतात, त्या सायझिंगमध्येही स्टार्चच्या जोडीला सीएमसी वापरण्याची पद्धत आहे. विटा आणि इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावांना त्यामुळे हे नाव परके वाटायचे कारण नाही. घराच्या फरशा बसविण्याच्या चिकट मिश्रणात जी भुकटी पाणी धरून ठेवते, ती बहुधा एचपीएमसीचीच भावंडे असतात. अर्थात शुद्धतेची प्रत निराळी असते. फरशीच्या पोत्यातली भुकटी चेहऱ्याला चालत नाही, हे सांगायला नकोच.

दाट म्हणजे कडक नव्हे

किराणा दुकानात बाटली उलटी करून, आतला द्रव किती संथपणे सरकतो हे पाहून शाम्पू निवडणारे ग्राहक थोडे नाहीत. पातळ शाम्पूत 'पाणी घातलेले' आणि दाट शाम्पू 'कडक', अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती दुधाच्या बाबतीत एकवेळ क्षम्य ठरेल. शाम्पूच्या बाबतीत तिला आधार नाही. शंभर ग्रॅम पाण्यात अवघा एक ते दोन ग्रॅम योग्य प्रतीचे एचईसी विरघळविले, तर त्याचे मधासारखे संथ ओघळणारे जेल तयार होते. त्यात मळ काढणारा एक थेंबही नसतो. केस स्वच्छ होतात ते यादीत पाण्यानंतर लगेच येणाऱ्या फेसकारी घटकांमुळे. दाटपणाचे खाते अगदी स्वतंत्र असते.

नेहमीच्या सल्फेटयुक्त शाम्पूंना तर सेल्युलोजचीही गरज पडत नाही. त्यांना दाट करते ते स्वयंपाकघरातील मीठ. फेसकारी रेणूंचे पाण्यात बारीक पुंजके झालेले असतात. योग्य मात्रेत मीठ पडले, की हे पुंजके लांब गांडुळासारखे वाढतात, एकमेकांत अडकतात आणि द्रव घट्ट होतो. मीठ जास्त झाले, तर तो पुन्हा पातळ होतो. अलीकडे 'सल्फेट-फ्री' आणि सौम्य शाम्पूंना मागणी आहे. त्यांतील फेसकारी घटक मिठाला फारशी दाद देत नाहीत. म्हणून तेथे सेल्युलोज, झँथन गम किंवा गवारीच्या बियांपासून मिळणारा ग्वार गम यांचा आधार घ्यावा लागतो. लहान मुलांच्या शाम्पूच्या मागील यादीत ही नावे दिसतात, ती बऱ्याचदा या कारणाने.

दाटपणाला उपयोग नाही, असे मात्र नाही. पातळ शाम्पू तळहातावरून ओघळून जातो, डोळ्यांत उतरतो. दाट शाम्पू केसांवर थांबतो. क्रीममधील तेल आणि पाणी वेगळे होऊ नये, जेल बोटांवर पसरावे, कोरड्या त्वचेवर ओलावा धरणारा पातळ पापुद्रा राहावा, ही कामे सेल्युलोज चोख करते. ते त्वचेत शिरत नाही. त्याचे रेणूच इतके मोठे असतात, की शिरणे शक्य नसते. तेव्हा 'त्वचेला आतून पोषण देणारे वनस्पतिज सेल्युलोज' असे कोणी छापले असेल, तर ते वाक्य जाहिरात विभागाचे आहे, प्रयोगशाळेचे नव्हे.

सगळी सेल्युलोजे सगळीकडे चालतात, असेही नाही. सांगलीची ओळख असलेल्या हळदीचेच उदाहरण पाहता येईल. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या हळदीची भुकटी घालून फेसवॉश करायचा, तर ती तळाशी बसू न देणे ही पहिली अडचण. नुसत्या एचईसीने द्रव दाट होतो. पण कण हळूहळू का होईना, खाली उतरतातच. त्यासाठी सूक्ष्म स्फटिकी सेल्युलोज आणि सीएमसी यांचे मिश्रण किंवा झँथनसारखा, स्थिर असताना जाळे विणून कण अडवून ठेवणारा पदार्थ लागतो. कंडिशनरमध्ये उलट प्रकार. तेथे धन विद्युत्भाराचे घटक असतात आणि सीएमसी ऋण भाराची. दोघे एकत्र आले, की साका तयार होतो. एचईसीवर भारच नसल्याने ते दोन्हींकडे निभावून जाते. सौंदर्यप्रसाधनांत त्याला एवढा मान आहे, तो यामुळे.

मऊपणामागचे विद्युत्भारांचे खेळ

'शाम्पू आणि कंडिशनर एकत्र' ही कल्पना आता जुनी झाली आहे. पण तिच्यामागील युक्ती अजूनही फारशी कोणाला ठाऊक नाही. मळ धुऊन नेणारा पदार्थ आणि केसांवर मागे राहणारा पदार्थ एकाच बाटलीत नांदतात कसे? येथे पॉलिक्वाटर्निअम-१० कामाला येते. एचईसीच्या माळेवर धन भाराचे गट जोडून ते बनवितात. १९७० च्या दशकापासून ते वापरात आहे. केसांचा पृष्ठभाग ऋण भाराचा असतो. रंगविलेल्या, सरळ केलेल्या, उन्हाने रखरखीत झालेल्या केसांवर हा भार अधिक असतो. बाटलीत शाम्पू घट्ट असताना फेसकारी रेणू या माळांना विरघळलेल्या स्थितीत सांभाळून ठेवतात. डोक्यावर पाणी ओतले, की शाम्पू पातळ होतो, तो तोल ढळतो आणि माळा फेसकारी रेणूंसह बाहेर पडून केसांवर जाऊन बसतात. म्हणजे हा घटक काम करतो तो केस चोळताना नव्हे, तर धुताना. ओल्या केसांतून कंगवा सहज फिरतो, तो त्यामुळे.

याची दुसरी बाजूही आहे. रोज असा शाम्पू वापरला, तर थरावर थर बसून केस, विशेषतः बारीक पोताचे, चपटे आणि चिकट वाटू लागतात. पंधरवड्यातून एकदा साध्या, कंडिशनर नसलेल्या शाम्पूने धुतले, तर हा थर बराचसा निघतो. जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांत कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. तेथे साबणाने केस धुतले, तर चुन्याचा साका केसांवर बसतो आणि दोष मात्र आदल्या दिवशीच्या शाम्पूला दिला जातो. तरुणांमध्ये लोकप्रिय असलेल्या केसांच्या जेलचेही तसेच. जेल वाळल्यावर कॉलरवर पडणारे पांढरे कण पुष्कळदा कोंड्याचे नसतात. ते तडकलेल्या पापुद्र्याचे असतात. कोंड्याचे औषध आणण्यापूर्वी चार दिवस जेल बंद करून पाहायला काहीच हरकत नाही.

डोळ्याला चालते, ते डोक्याला चालेल?

सुरक्षिततेचा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर मिरजेच्या वाटेवर मिळते. रुग्णालयांसाठी महाराष्ट्र-कर्नाटकात प्रसिद्ध असलेल्या या गावात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक येतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आतील नाजूक पडद्यांना धक्का लागू नये म्हणून जे पारदर्शक जेल आत सोडतात, त्यासाठी भारतात एचपीएमसीचे दोन टक्क्यांचे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. डोळे कोरडे पडल्यावर लिहून दिले जाणारे 'कृत्रिम अश्रू' पुष्कळदा सीएमसी किंवा एचपीएमसीचे असतात. शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधी कॅप्सूलचे आवरणही एचपीएमसीचेच. अमेरिकेतील 'कॉस्मेटिक इनग्रिडिएंट रिव्ह्यू' या तज्ज्ञ मंडळाने १९८६ मध्ये या गटातील प्रमुख पदार्थ प्रसाधनांत वापरण्यास सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला होता.

सीएमसीविषयी एक वाद आहे, तो खाण्याच्या संदर्भात. अन्नातील काही पायसीकारकांमुळे, सीएमसीसह, उंदरांच्या आतड्यांतील जिवाणूंचे संतुलन बिघडून दाह वाढतो, असे २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. त्यावर पुढेही काम झाले. डोक्याला लावून धुऊन टाकण्याच्या पदार्थाला तो निष्कर्ष लागू करता येत नाही.

काळजीचा खरा मुद्दा आहे शुद्धतेचा. इथिलीन ऑक्साइड हा वायू कर्करोगकारक आहे. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात त्याचा अंश आढळल्याने युरोपात मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला होता. एचईसी याच वायूपासून बनत असल्याने प्रक्रियेनंतर त्याचा उरलेला अंश काढून टाकणे आवश्यक असते. सीएमसीमध्येही मीठ व अन्य उपपदार्थ राहतात. ते अल्कोहोलमिश्रित पाण्याने धुऊन काढावे लागतात. औषधी किंवा प्रसाधनाच्या प्रतीचा माल महाग असतो तो या धुलाईमुळे, आणि स्वस्तातील सुटी भुकटी स्वस्त असते तीही याच कारणाने. खाज, पुरळ अशा तक्रारींत मात्र संशयाची सुई सेल्युलोजपेक्षा सुगंध, परिरक्षके किंवा फेसकारी घटकांकडे आधी वळायला हवी.

'केमिकल-फ्री'ची कसरत

या साऱ्याची सर्वाधिक झळ बसू शकते ती छोट्या उत्पादकांना. बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांत अलीकडे पापड-लोणच्यांच्या शेजारी कोरफडीचे जेल, जवसाचे हेअर जेल, शिकेकाईचा तयार शाम्पू असे पदार्थ मांडलेले दिसतात. त्यामागील ज्ञान जुने आहे. जवस उकळल्यावर सुटणारा बुळबुळीत चिकट द्रव, मेथी, सब्जा, भेंडी या सर्वांचा बुळबुळीतपणा हासुद्धा पाणी धरणाऱ्या शर्करामाळांचाच. गुणधर्माने तो सेल्युलोजच्या जेलचा चुलतभाऊ म्हणावा लागेल. केसांवर तो छान बसतो, मऊपणाही देतो.

अडचण टिकण्याची आहे. जवसाचे जेल शीतकपाटाबाहेर दोन-चार दिवसांत आंबते, कारण जिवाणूंना ते आयते अन्न. एचईसी तुलनेने टिकाऊ. पण काही बुरशी आणि जिवाणू सेल्युलोज तोडणारी विकरे तयार करतात आणि दाट जेलचे पाणी करून टाकतात. म्हणजे पाणी असलेल्या कोणत्याही प्रसाधनाला परिरक्षक लागतेच. ते न घालता 'केमिकल-फ्री' असे लिहून बाटली महिनाभर दुकानात ठेवणे हा ग्राहकाच्या डोळ्यांशी आणि त्वचेशी खेळ आहे. बाटलीला वास येईपर्यंत त्यात काय वाढते आहे, ते दिसत नाही.

भुकटी मिसळण्याचेही तंत्र आहे. एचईसी एकदम पाण्यात टाकले, की पिठल्यात बेसनाच्या व्हाव्यात तशा गुठळ्या होतात; बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. त्या मग दिवसभर ढवळूनही मोडत नाहीत. भुकटी आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घेतली, तर काम सोपे होते. एचपीएमसीची रीत उलटी. ते गरम पाण्यात विरघळत नाही, थंड पाण्यात विरघळते. म्हणून ते आधी गरम पाण्यात नीट पसरवून मग ढवळत गार करायचे असते. तापविल्यावर पातळ होण्याऐवजी घट्ट होणारा हा पदार्थ पाहून नवख्याची पंचाईत होते.

कायद्याचा भाग तर अनेकांना ठाऊकच नसतो. विक्रीसाठी शाम्पू किंवा क्रीम तयार करणे हे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली येते आणि त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. घरच्या स्वयंपाकघरात बनविलेले लोणचे आणि घरच्या स्वयंपाकघरात बनविलेला शाम्पू यांना कायदा एका मापाने मोजत नाही. भांडवल घालून बाटल्या, लेबले छापून झाल्यावर हे कळणे फार महागात पडते.

यादी कशी वाचावी

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. या शेवटच्या सवलतीत बरेच काही दडलेले आहे. शाम्पूत सेल्युलोज साधारणतः एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. त्यामुळे बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत शिकेकाई, आवळा, कोरफड आणि मागच्या यादीत हे अर्क सेल्युलोजच्या नंतर, असे चित्र असेल, तर त्या अर्कांचे प्रमाण चिमूटभरच असण्याची शक्यता मोठी. त्या बाटलीतील 'झाडापासून मिळालेला' सर्वांत भरीव घटक कदाचित सेल्युलोजच असेल!

मात्र ही यादी वाचण्याची सोय सर्वांना नाही. साठ मिलिलिटरहून कमी द्रवाच्या वेष्टनांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. खेडोपाडी आणि शहरांतील चाळी-वसाहतींतही किराणा दुकानांसमोर माळांनी लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्या सहा-आठ मिलिलिटरच्या. ज्याला एकरकमी मोठी बाटली परवडत नाही, त्याच ग्राहकाला आपण डोक्याला काय लावतो हे समजण्याचा मार्ग बंद होतो. जागा अपुरी पडते, हे उत्पादकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु पुड्यांच्या संपूर्ण माळेवर किंवा दुकानातील डब्यावर ती यादी छापण्यास कोणतीही तांत्रिक अडचण दिसत नाही.

चिपाड इथले, सेल्युलोज कुठले?

आता पुन्हा त्या ढिगाकडे. एक टन ऊस गाळला, की साधारण २८० ते ३०० किलो ओले बगॅस मिळते. त्यात निम्मे पाणी. उरलेल्या दीडशे किलोच्या आत-बाहेर कोरड्या भुशात चाळीस ते पंचेचाळीस टक्के सेल्युलोज, म्हणजे सुमारे साठ किलो. दोनशे मिलिलिटरच्या शाम्पूच्या बाटलीत अर्धा टक्का या हिशेबाने एक ग्रॅम सेल्युलोज लागते. एका टन उसाच्या चिपाडात साठ हजार बाटल्यांचे सेल्युलोज, असे कागदावरचे गणित निघते. ते कागदावरच राहते, याला कारणे आहेत.

पहिले कारण शुद्धतेचे. बगॅसमध्ये सेल्युलोजबरोबर हेमिसेल्युलोज आणि लिग्निन घट्ट विणलेले असते. शिवाय उसाच्या गाभ्यातील मऊ भुगा, ज्यात लांब तंतू नसतात, आणि शेतातून आलेली माती व सिलिका. हे सर्व काढून, विरंजन करून नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध लगदा मिळवायचा, तर पाणी, रसायने आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांचा खर्च मोठा. त्याच्या तुलनेत सरकीवर राहिलेले आखूड कापूस-तंतू, ज्यांना लिंटर म्हणतात, मुळातच जवळजवळ शुद्ध. म्हणून उंची प्रतीचे सेल्युलोज लिंटरपासून किंवा खास प्रक्रिया केलेल्या लाकडी लगद्यापासून बनते. भारतात सीएमसीचे उत्पादन होते. एचईसीचे मोठे उत्पादक मात्र अमेरिका, युरोप, जपान व चीन येथे आहेत.

दुसरे कारण अधिक रोखठोक आहे. बगॅस हा टाकाऊ माल राहिलेला नाही. एक टन ओल्या बगॅसपासून दोन टनांहून थोडी अधिक वाफ मिळते. त्यावर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती असलेल्या ठिकाणी उरलेली वीज विकली जाते. चिपाड सेल्युलोजसाठी द्यायचे, तर बॉयलरमध्ये काय घालायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तमिळनाडूतील सरकारी कागद कारखान्याने, 'टीएनपीएल'ने, तो सोडविला आहे. १९८० च्या दशकापासून बगॅसपासून कागद बनविणाऱ्या या कंपनीने साखर कारखान्यांना बगॅसच्या बदल्यात वाफ पुरविण्याची व्यवस्था उभी केली. मात्र ती कागदासाठी. कागदाला जो लगदा चालतो, तो शाम्पूला चालत नाही.

बगॅसपासून सीएमसी तयार करता येते, हे प्रयोगशाळांमधून अनेकदा सिद्ध झाले आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशा संस्था उसाच्या किंवा शेतीच्या अवशेषांतून मूल्यवान पदार्थ काढण्यावर काम करीत आल्या आहेत. एखाद्या प्रकल्पाचा विचार झालाच, तर सुरुवात शाम्पूच्या एचईसीपासून नव्हे, तर सायझिंगला आणि धुण्याच्या पावडरीला चालणाऱ्या कमी शुद्धतेच्या सीएमसीपासून करणे शहाणपणाचे ठरेल. तिचे गिऱ्हाईक विट्यात आणि इचलकरंजीत, हाकेच्या अंतरावर आहे. सांडपाण्याचा हिशेब मात्र आधी मांडावा लागेल. शेरी नाल्यातून कृष्णेत मिसळणाऱ्या पाण्याचा अनुभव सांगलीकरांना पुरेसा आहे. त्या नाल्यात घराघरांतून वाहून जाणाऱ्या शाम्पूतील सेल्युलोजचा उपद्रव त्यामानाने किरकोळ. जिवाणू ते सावकाश का होईना, पचवितात. माळेवर चढविलेले रासायनिक गट जितके अधिक, तितका त्यांना वेळ जास्त लागतो.

तोवर हंगाम संपताना उरलेल्या बगॅसचे गठ्ठे बांधले जातात आणि ते ट्रकमधून कागद कारखान्यांकडे रवाना होतात.